अंगठ्याची साक्ष

कॅशियरांचं बूड कुठे टेकलं असेल तर ते फक्त काउंटरवर. उभी नोकरी त्यांनी बँकेच्या त्या जाळीआड, उंच फिरत्या खुर्चीवर काढली, आणि जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्यांना तिथून उठवणं मॅनेजरांना जमलं नाही. नोकरी संपली आणि पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. सकाळी गॅलरीत, मग स्वयंपाकघराच्या दारात, मग पुन्हा गॅलरीत. वर्तमानपत्र उघडायचं आणि मिटायचं, पंखा वाढवायचा आणि कमी करायचा. बायको म्हणायची, "अहो, घरात चोर शिरलाय का? नाही ना? मग बसा की जरा." मग ते बसायचे, आणि बसल्या बसल्या उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत राहायचे.

हा अंगठा साधासुधा नव्हता. नोटांचं बंडल हातात आलं की कॅशियर गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, मुलाचा निकाल काय लागला, आईचा गुडघा कसा आहे, आणि अंगठा खाली आपलं काम करत असायचा. मध्येच तो थांबायचा. कॅशियर बोलणं अर्ध्यावर सोडायचे, तेवढी एक नोट ओढून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "ही नको." पुढे नोटा मोजायचं मशीन आलं, जांभळा दिवा आला, पण मशीन अडखळलं की मॅनेजर ती नोट घेऊन जाळीपाशीच यायचे. शाखेत सगळे त्यांना अंगठेबहाद्दर म्हणत. एरवी हा शब्द निरक्षर माणसाला चिकटवतात, पण कॅशियरांना त्याचा कधी राग आला नाही. उलट नव्या कारकुनाने चारचौघांत तसं म्हटलं, की ते त्याचा चहा सांगायचे.

शाखेच्या दारात बंदूक घेऊन सुभेदार उभे असत. खरं तर ते सैन्यात साधे शिपाई होते, पण मिशा अशा होत्या की त्यांना शिपाई म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दोघांची गट्टी जुनी. एकदा एक माणूस पैसे भरायला आला, घामाघूम झालेला, हातात कापडी पिशवी. कॅशियरांचा अंगठा थांबला, पुन्हा थांबला, मग थांबतच राहिला. त्यांनी मान खालीच ठेवून नुसता डावा हात वर केला, आणि सुभेदारांनी त्या माणसाची जी कॉलर धरली ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही. मला बाजारात मिळाल्या, मला यातलं काही ठाऊक नाही, असं म्हणत तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. पुढे त्याला शिक्षा झाली. सुभेदारांचं मन मात्र त्यांना खात राहिलं. शेवटी त्यांनी चहाच्या टपरीवर विचारलंच, की साहेब, नोटा नक्की खोट्या होत्या ना? कॅशियर म्हणाले, त्याला ठाऊक होतं की नव्हतं ते देव जाणे, पण नोटा खोट्या होत्या, हा अंगठा सांगतो. त्यावर सुभेदारांनी एक मोठा श्वास सोडला आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

निवृत्तीनंतर मुलीने कॅशियरांना एक टॅबलेट पाठवून दिला. हेतू एवढाच, की नातवाचं तोंड दिसावं. नातू दोन मिनिटांत कंटाळून पळून जायचा आणि टॅबलेट आजोबांच्या हातात राहायचा. त्यातूनच त्यांना तो ब्लॉग सापडला.

ब्लॉगवाला रोज लिहायचा. मंत्री, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांची कंत्राटं, कुणाला म्हणून सोडायचा नाही. कॅशियरांच्या पोटात जे वर्षानुवर्षं साठलं होतं ते हा माणूस टोपणनावाने का होईना, उघड बोलत होता. एकदा त्याने लिहिलं, की छोट्या शाखा बंद होणार, सगळं एका मोठ्या बँकेच्या घशात जाणार, आणि वर्तमानपत्रं याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. वर्तमानपत्रांनी खरंच काढला नाही. काही महिन्यांनी कॅशियरांच्या शाखेचं शटर खाली आलं आणि तिथे गाद्यांचं दुकान थाटलं गेलं. जिथे जाळी होती तिथे आता फुलाफुलांची एक डबल गादी उभी आहे. ती बघून आल्या दिवशी कॅशियर जेवले नाहीत. पण एक गोष्ट मनाशी पक्की झाली, की हा ब्लॉगवाला खोटं बोलत नाही.

आता अशा ब्लॉगच्या कडेला जाहिराती असतात. गुडघ्याचं तेल, केस उगवणारं तेल, सरकार कोसळलं तर घरात साठवायचं डबाबंद अन्न. आणि त्याखाली परदेशी नोटा. ज्याला आपल्या सरकारचा राग, त्याला सरकारच्या नोटेचाही राग येणारच, हे जाहिरात देणाऱ्याने बरोबर हेरलं होतं. त्या तिथे एक दूरचा देश होता. युद्ध संपलेलं, जमिनीत तेल, आणि चलन सध्या रद्दीच्या भावात. लवकरच नवा दर 'उघडणार', मग ज्याच्या घरात एक पाकीट असेल त्याच्या सात पिढ्या बसून खाणार. पुढे ब्लॉगवाल्याने लेखातच लिहिलं, मी स्वतः घेतल्या आहेत, बँका तुम्हाला हे सांगणार नाहीत, कारण त्यांना सगळं आपल्याच घशात घालायचं आहे. बँकांच्या घशाबद्दल कॅशियरांना आता काही शंका उरली नव्हती.

पाकीट कुरियरने आलं. जाड प्लास्टिकचं कव्हर, सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राकडे कॅशियरांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी हात साबणाने धुतले, कोरडे केले, खिडकीशी खुर्ची ओढली आणि एक नोट बाहेर काढली. कागद करकरीत. छपाईचा उठाव बोटाला लागत होता, जिथे लागायला हवा तिथेच. उजेडात धरली तर आतला धागा सलग, वॉटरमार्कचं चित्र स्वच्छ. अंगठा एका नोटेवरून दुसऱ्या नोटेवर गेला, कुठेही थांबला नाही. किती दिवसांनी त्याला काम मिळालं होतं. कॅशियरांच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि बायकोला हाक मारून ते म्हणाले, "खरी आहे गं. एकूण एक खरी."

"बरं झालं," बायको म्हणाली. "आता त्यात भाजी येईल का बघा."

तिचं बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं. तेव्हाच तिच्याकडे नीट लक्ष दिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

सुभेदार महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे. त्या खेपेला कॅशियरांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. टॅबलेट काढला, ब्लॉगवाल्याचे लेख एकामागून एक वाचून दाखवले. सुभेदारांना त्यातलं निम्मं कळलं नाही. त्यांनी फक्त एकच विचारलं, "साहेब, अंगठा काय म्हणतो?"

"खरी म्हणतो."

"मग मलाही एक मागवा."

इतकं सोपं होतं ते. सुभेदारांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतले काही काढून दिले, आणि कॅशियरांनी स्वतःच्या हाताने त्यांच्यासाठी पाकीट मागवलं. आल्यावर तेही तपासलं. तेही खरं निघालं.

मग वाट बघणं सुरू झालं. दर या आठवड्यात उघडणार, असं ब्लॉगवर यायचं. आठवडा जायचा. मग कळायचं, की ऐन वेळी कुणीतरी खोडा घातला, पण आता पुढच्या आठवड्यात नक्की. कॅशियर सकाळी डोळे उघडले की टॅबलेट, दात घासताना टॅबलेट, आंघोळीला जाताना तो दाराबाहेर स्टुलावर. दिवसातून किती वेळा ते पान उघडायचे त्याला गणती नव्हती. नातवाचा फोन आला तरी एक डोळा पानाच्या कोपऱ्यावर. रस्त्याने चालताना मध्येच थांबून ते बघायचे, आणि मागचा माणूस त्यांच्यावर आदळायचा. संध्याकाळी सुभेदारांचा फोन ठरलेला. "उघडला का साहेब?" "नाही अजून. पण हालचाल आहे." हालचाल म्हणजे काय, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ब्लॉगखाली वाचक लिहायचे, एकमेकांना धीर द्यायचे, तयार राहा म्हणायचे. एकदा कुणीतरी विचारलं, की बाबांनो, या नोटा परत घेणारी एक तरी बँक दाखवा. कॅशियरांचं डोकं सणकलं. त्यांनी एका बोटाने, शोधून शोधून अक्षरं दाबली: "हे लिहायला सरकार तुम्हाला किती देतं?" त्याखाली टाळ्यांची रांग लागली. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. विचारणारा पुन्हा कधी दिसला नाही.

सुभेदारांकडे दोन खोल्या होत्या. एकीत ते आणि त्यांची बायको राहत, शेजारची त्यांनी नोकरीत असताना पोटाला चिमटा काढून घेतलेली. ती भाड्याने दिली होती आणि त्या भाड्यावर दोघांचं औषधपाणी निघत होतं. एका संध्याकाळी फोनवर 'उघडला का' हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, ब्लॉगवर आलंय ना साहेब, की शेवटची खेप आहे, पुढे भाव चढणार? शेजारची खोली विकायला काढतोय. गिऱ्हाईक मिळालंय, सोमवारी कागद होतील. त्या पैशांची सगळी पाकिटं घेऊन टाकू, म्हणजे कटकट मिटली. मुलगा नाही, मुलगी नाही, म्हातारपण तरी सुखात जाईल. तुम्ही फक्त पाकिटं तपासून द्या.

कॅशियर 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांना काही सुचेना. स्वतःचं पाकीट मागवताना त्यांना भीती वाटली नव्हती, सुभेदारांचं मागवतानाही नाही. पण ही खोली होती, दोघांचं औषधपाणी. ते गॅलरीत गेले, आत आले, पाणी प्यायला गेले आणि न पिताच परत आले. बायको म्हणाली, काय झालं? काही नाही, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाकिटातली एक नोट खिशात घालून, परदेशी पैसे बदलून देणाऱ्या दुकानात गेले.

छोटंसं दुकान, काचेमागे एक तरुण मुलगी. कॅशियरांनी नोट काचेखालून सरकवली. मुलीने ती घेतली, आणि कॅशियरांना बरं वाटलं, कारण तिने ती घ्यायला हवी तशीच घेतली, दोन बोटांत, अंगठा वर. तिने उजेडात धरली, जांभळ्या दिव्याखाली फिरवली.

"नोट खरी आहे, काका," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे. बदलून द्या."

"ही नाही घेत आम्ही. कुणीच घेत नाही. त्यांच्या देशाबाहेर हिला गिऱ्हाईक नाही, आणि तिथेही हिच्यात फार काही येत नाही."

दर उघडल्यावर तरी, असं काहीतरी कॅशियर पुटपुटले.  आवाज खाली आणून मुलीने विचारलं, की कव्हर प्लास्टिकचं होतं का, सोबत सोनेरी शिक्क्याचा कागद? असे बरेच जण येतात काका, ती म्हणाली. विकणारे विकतात, परत घेत नाहीत. त्यांनी कधी घेतो म्हटलंय का, आठवून बघा.

कॅशियर बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. उभी नोकरी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, खरी की खोटी. जाळीच्या आत खरी म्हणजे चालणारी, खोटी म्हणजे न चालणारी, तिसरं काही नव्हतंच. नोट अस्सल असूनही कवडीमोल असू शकते, हे शाखेतल्या पोरसवदा कारकुनालाही सुचलं असतं. त्यांनाच सुचलं नाही, कारण त्यांच्याकडे अंगठा होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. भर उन्हात, ओळखीचं कुणी नसताना, कान गरम झाले.

घरी येऊन त्यांनी ब्लॉगखाली लिहिलं. अगदी सभ्य भाषेत, मी निवृत्त कॅशियर आहे, आज एक नोट घेऊन गेलो होतो, असा अनुभव आला, कुणी खुलासा करील का? चहा होईपर्यंत खाली उत्तर आलं होतं: "हे लिहायला सरकार तुम्हाला किती देतं?" त्याखाली टाळ्या. जेवण होईपर्यंत त्यांचं लिहिलेलं पुसलं गेलं होतं आणि त्यांना तिथे काही लिहिता येईना. ज्या माणसाचा शब्द त्यांनी इतके दिवस डोक्यावर घेतला त्याने त्यांना दारही दाखवलं नाही, नुसतं पुसून टाकलं.

तसेच उठून ते सुभेदारांकडे गेले. सुभेदार खुशीत होते. भाडेकरूला त्यांनी जागा शोधायला सांगितली होती, आणि त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवरचा खिळा ओढून काढत होते. कॅशियरांनी सगळं सांगितलं, दुकान, मुलगी, तिचं बोलणं. सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि समजूत काढल्यासारखं हसले.

"साहेब, बँकावाले घेणार नाहीतच. त्यांना आपल्या हाती पैसा येऊ द्यायचा नाही. तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

कॅशियर म्हणाले, ते मी चुकीचं वाचलं, मला कळलं नाही. सुभेदार म्हणाले, ब्लॉगवर परवाच लिहिलंय ना, की शेवटच्या आठवड्यात तुमच्या जवळच्याच माणसांना घाबरवतील, हलू नका.  एकेक दार त्यांनीच आपल्या हाताने लावून घेतलं होतं.

"मला एकच सांगा," सुभेदार म्हणाले. "नोट खरी आहे ना?"

"खरी आहे, पण..."

"मग झालं तर."

ती रात्र आणि पुढचा सगळा दिवस कॅशियरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. अंथरुणावर या कुशीचं त्या कुशीवर. सकाळी दाढी करताना गाल कापला. भाजी आणायला गेले आणि पिशवी तिथेच विसरून आले, पिशवी आणायला गेले आणि भाजीवालीशी विनाकारण भांडून आले. शेवटी बायकोने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती बोलेल, भाजीवरून टोमणा मारेल.  ती नुसती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. अंगठा चाललाच होता.

"सुभेदार ब्लॉगवाल्याला कुठे ओळखतात?" ती म्हणाली. "तुमचं बोलणं तरी ते कुठे ऐकतात? त्यांना हा एवढाच ऐकू येतो." आणि तिने तो अंगठा आपल्या मुठीत धरून थांबवला.

सोमवारी सकाळी कॅशियर सुभेदारांकडे पोचले तेव्हा सुभेदार ठेवणीतला सदरा घालून तयार होते. खोली घेणारा येईपर्यंत अवकाश होता. वहिनींनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोने, कागदपत्रांची पिशवी काढून ठेवली होती. कॅशियर म्हणाले, तुमचं पाकीट जरा आणा, पुन्हा एकदा बघतो. सुभेदारांनी ते कपाटातून आणलं. कॅशियर खिडकीशी बसले. एक नोट काढली आणि अंगठा तिच्यावरून फिरवला. कागद करकरीत होता. उठाव जिथल्या तिथे होता. अंगठा सरळ पुढे निघाला, आणि कॅशियरांनी तो थांबवला. अंगठा आपसूक थांबतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, तो मुद्दाम थांबवावा लागेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"ही नको," ते म्हणाले.

सुभेदार ताठ झाले. हे दोन शब्द त्यांनी दारातून कितीदा ऐकले होते. कॅशियरांनी दुसरी नोट काढली. "हीही नको." तिसरी काढली. चौथीला त्यांनी नुसतीच मान हलवली.

"खोट्या आहेत सुभेदार. सगळ्या. माझ्याही खोट्या आहेत. मी चुकलो."

"पण तुम्ही तपासल्या होत्या."

"अंगठा चुकला. वय झालं त्याचं."

 वहिनींनी कागदपत्रांची पिशवी हळूच उचलून मांडीवर घेतली. कॅशियर भराभर बोलत सुटले, की तुमचे गेलेले पैसे मी माझ्या पेन्शनमधून फेडीन, पाकीट माझ्याकडे द्या, त्याचं काय करायचं ते मी बघतो, खोली मात्र विकू नका, आत्ताच्या आत्ता त्या माणसाला फोन करा. सुभेदारांनी वाद घातला नाही. त्यांनी फोन उचलला आणि त्या माणसाला सांगितलं, की येऊ नका, विचार बदलला. काम एवढ्या सहज होईल असं कॅशियरांना वाटलं नव्हतं.

फोन ठेवून सुभेदार पलंगाच्या कडेला बसले. मिशांवरून हात फिरवला. रागावले नव्हते ते. रागावले असते तर कॅशियरांना सोपं गेलं असतं.

"साहेब," ते म्हणाले, "अंगठा कधीपासून चुकायला लागला?"

कॅशियरांना प्रश्न समजला नाही.

"तो माणूस आठवतो का? कापडी पिशवीवाला. मी त्याची कॉलर धरली होती." सुभेदारांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "त्या तरी खोट्या होत्या ना?"

कॅशियरांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. त्या खोट्याच होत्या, शंभर टक्के खोट्या, आजही डोळे मिटून सांगतील. पण 'हो' म्हटलं असतं तर सुभेदारांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग तेव्हा बरोबर असलेला अंगठा आता चुकेल कसा? आणि खोली घेणारा एका फोनवर परत आला असता. सुभेदारांना खोली विकण्यापासून आणि त्या पाकिटांपासून लांब ठेवायचं, तर अंगठ्याला पुरतंच बुडवायला हवं होतं.

"सांगता येत नाही," कॅशियर म्हणाले.

सुभेदारांनी मान हलवली, दोनतीन वेळा. मग उठून कॅशियरांना पाणी आणून दिलं. गाल कशाने कापला, विचारलं. जिना उतरताना त्यांचा दंड धरला, आजाऱ्याचा धरतात तसा.

खोली राहिली. भाडेकरूही राहिला. दोन्ही पाकिटं कॅशियरांच्या कपाटात, जुन्या स्वेटरांखाली आहेत. ब्लॉग त्यांनी पुन्हा उघडला नाही, पण टॅबलेट हातात आला की बोट अजून त्या जागी जातं. पायाची भिंगरी सुटली असं काही झालं नाही. सुभेदारांचा फोन संध्याकाळी येतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात, आणि फोन ठेवल्यावर कॅशियर गॅलरीत जातात, आत येतात, पुन्हा गॅलरीत जातात. त्या कापडी पिशवीवाल्याबद्दल सुभेदारांनी परत काही विचारलेलं नाही. वहिनी मात्र कॅशियरांच्या बायकोला म्हणाल्या, की हे हल्ली झोपेत हात झटकतात.

पेन्शनच्या दिवशी दोघे मोठ्या बँकेत भेटतात. मागच्या वेळी भेटले तेव्हा कॅशियरांनी पेन्शन काढली आणि सुभेदारांचा हप्ता वेगळा करून त्यांच्या हातात दिला. वरची नोट आपल्याच देशाची, आपल्याच बँकेच्या खिडकीतून आत्ता आलेली, अजून बंडलाची घडीही न मोडलेली. पूर्वी सुभेदार कॅशियरांकडून आलेले पैसे न मोजता खिशात घालत. या वेळी ते खिडकीच्या उजेडाकडे वळले. नोट दोन बोटांत धरली, अंगठा वर, आणि डोळे बारीक करून आतला धागा शोधू लागले. धागा कुठे बघायचा, हे कॅशियरांनीच त्यांना शिकवलं होतं.

कॅशियर शेजारी उभे राहिले आणि त्यांचं बघून व्हायची वाट पाहत राहिले.